नसरीनची एकच अट

नसरीन,

तुला घेऊन पुरुषमंडळी कब्रस्तानाकडे गेली आणि तुमची गल्ली एकदम रिकामी झाली. आत बायका कुराणाचे पारे वाचत होत्या. मला त्यातलं काही येत नव्हतं, म्हणून मी तुझ्या अम्मींचा हात धरून नुसती बसून राहिले. थोड्या वेळानं तुमच्या नात्यातल्या एक वयस्कर बाई डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाल्या, "पोरगी लई हुशार व्हती. पण त्या कॉम्प्युटरनं खाल्ली तिला. एक शिकून झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. डोकं तरी किती सोसणार?" दोघीतिघींनी माना हलवल्या.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. घर तुमचं, दुःख तुमचं. पण मला राहवलं नाही. मी म्हणाले, "नाही हो खाला. तसं नाही झालं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अम्मींनी माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाल्या, "सांग बेटा. तू सांग त्यांना."

मग मी सांगितलं. डॉक्टरांनी जे मला आणि तुझ्या भावाला, आसिफला, समजावलं होतं तेच. तुझ्या डोक्यातली एक नस जन्मापासून कच्ची होती. ती कुणाला दिसली नाही, तुला कधी दुखली नाही. सकाळी चहा घेताना ती फुटली. तू सावकार झाली असतीस, शिक्षिका झाली असतीस, घरात बसून नुसता स्वयंपाक केला असतास, तरी ती फुटायची तेव्हा फुटलीच असती.

तू एकदा मोडून पडली होतीस, हे खरं आहे. ते जुन्नरमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट लोकांना पटकन पटते. पण त्यानंतर तू उठलीस, आणि उठून कशी जगलीस ते फार थोड्यांनी पाहिलं. त्यातली एक मी. म्हणून हे लिहायला बसले आहे. तू वाचलं असतंस तर दोन ठिकाणी खोडलं असतंस आणि एका ठिकाणी "मंगे, किती लांबण लावतेस" म्हणाली असतीस. आता सोस.

*

आपण पहिल्यांदा भेटलो ते पुण्यातल्या कॉलेजच्या होस्टेलवर. तू पलंगावर गादी अंथरत होतीस. होस्टेलची गादी तू उचलून बाहेर ठेवली होतीस आणि घरून आणलेली घालत होतीस. मी दारात पेटी घेऊन उभी. "कुठली?" तू विचारलंस. मी म्हणाले, "आंबेगाव तालुका. घोडेगावच्या वर, डोंगरात." "मग शेजारीण की! मी जुन्नर. आमचं गाद्यांचं दुकान आहे. ही असली गादी माणसानं झोपायची नाही, थांब, अब्बांना सांगून तुझ्यासाठी पण मागवते." आणि खरंच पुढच्या आठवड्यात अब्बा एसटीच्या टपावर गादी टाकून घेऊन आले. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी कधी पुण्यापर्यंत प्रवास केला नव्हता.

मी घाबरत घाबरत शिकायचे. तू कैरी खावी तशी शिकायचीस, डोळे बारीक करून, दातांना झिणझिण्या येत असताना पुढची फोड उचलत. प्रोग्रामिंगची कुठलीही नवी भाषा आली की तू आधी तिच्यात काहीतरी वेडगळ करून बघायचीस. एकदा आपल्या मेसचा आठवड्याचा जेवणाचा तक्ता स्वतःच बदलत राहणारा प्रोग्राम लिहिलास, आणि मेसच्या काकूंनी तो छापलेला कागद भिंतीवर बघून तुला चांगलंच फैलावर घेतलं. अभ्यासक्रमात नव्हतं ते सगळं तुला यायचं. अभ्यासक्रमातलं मी तुला परीक्षेच्या आधी शिकवायचे.

पुढे आपल्याला एकाच कंपनीत नोकरी लागली आणि तिथंही तेच सुरू झालं. नवं काही आलं की साहेब म्हणायचे, "नसरीनला द्या, ती बघेल." तू बघायचीस. सुरुवातीला तुला त्याचा अभिमान वाटायचा. मलाही वाटायचा. मग हळूहळू ते नवं येण्याचा वेग वाढला. एखादी गोष्ट अंगवळणी पडते न पडते तोच ती जुनी ठरायची. बाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड जातं. मी एकदा माझ्या आईला असं सांगितलं होतं: समज, दर दुसऱ्या वर्षी भात लावायची पद्धत बदलली, अवजारं बदलली, त्यांची नावं बदलली, आणि ज्याला नवीन येत नाही त्याला बांधावर उभं केलं, तर? आई म्हणाली, "मग भात कवा पिकवायचा?"

तुझ्या लक्षात कधी आलं मला माहीत नाही, पण मला ते तुझ्या जेवणात दिसलं. तू डबा उघडायचीस आणि एका हातानं फोनवर कुठल्यातरी कोर्सचा व्हिडिओ दुप्पट वेगानं लावायचीस. भाजी कुठली होती विचारलं तर सांगता यायचं नाही. रविवारी जुन्नरला जायचीस ती कानात इयरफोन घालून. अम्मी म्हणायच्या, "ही येते, पण पोचत नाही." तुझे डोळे आता बारीक व्हायचे नाहीत. ते नुसते उघडे असायचे.

*

त्या दिवशी आपल्या मजल्यावर एका नव्या प्रणालीचं प्रशिक्षण होतं. शिकवणारा मुलगा आपल्यापेक्षा लहान, भराभर बोलणारा. त्यानं सगळ्यांना स्क्रीनवर एक साधी ओळ टाईप करायला सांगितली. सगळ्यांची बोटं चालायला लागली. तुझी कीबोर्डवर ठेवलेली होती, तशीच राहिली. मला वाटलं, तुला येतंय म्हणून तू थांबलीस. मग तू उठून बाहेर गेलीस. बराच वेळ आली नाहीस म्हणून मी मागे आले.

तू बायकांच्या स्वच्छतागृहात खाली फरशीवर बसली होतीस. चपला काढून शेजारी नीट ठेवल्या होत्यास, घरात बसतेस तशा.

"काय झालं गं?"

"मंगे, मला ते वाचता येत नाहीये."

"काय वाचता येत नाहीये?"

"ती ओळ. अक्षरं दिसतात. एस आहे, ई आहे. पण त्यांचा शब्द होत नाहीये." तू रडत नव्हतीस. तू ते एखादी चूक सापडल्यावर सांगतेस तसं सांगत होतीस, शांतपणे, जशी काही ती दुसऱ्या कुणाच्या प्रोग्राममधली चूक आहे. "मी तीनदा बघितलं. होत नाही."

मी तुझ्या शेजारी फरशीवर बसले. दुसरं काय करावं मला सुचलं नाही. कुणीतरी आत आलं आणि आपल्याला बघून परत गेलं. नंतर मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. खरोखर काळजीनं म्हणाले, "तिला म्हणावं आठवडाभर सुट्टी घे. आराम कर. आणि त्या निवांत वेळात तो कोर्सही होऊन जाईल." मी ते तुला रिक्षात सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. मग हसता हसता रडायला लागलीस, ती थांबलीच नाहीस.

तू परत त्या कंपनीत गेलीच नाहीस.

जुन्नरमधले पुढचे महिने तुझ्या घरातल्यांसाठी कठीण होते. ताप नाही, जखम नाही, रिपोर्ट सगळे चांगले, आणि जवान पोरगी भिंतीकडे तोंड करून निजलेली. अम्मींना वाटायचं कुणाची नजर लागली. आसिफला वाटायचं पुण्यात कुणीतरी फसवलं. शेवटी अब्बांनी नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हिला बर्नआउट झालंय. तो प्रसंग तू मला पुढे कितीदा तरी अभिनय करून दाखवलास. अब्बांनी विचारलं, "म्हणजे जळलं का काय? मोटर जळती तसं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच समजा काका. पण मोटर जळली की बदलावी लागते. ही नुसती थंड होऊ द्या, परत चालते." अब्बा घरी आले आणि त्यांनी कापूस पिंजायचं यंत्र दुकानातून उचलून मागच्या शेडमध्ये नेलं, तुला त्याच्या आवाजाचा त्रास नको म्हणून. तुला त्या आवाजाचा कधीच त्रास झाला नव्हता. तू त्याच आवाजात लहानाची मोठी झालीस. पण त्यांना काहीतरी करायचं होतं, आणि त्यांच्या हातात तेवढंच होतं.

*

दिवाळीनंतर मी तुला आमच्या वाडीला घेऊन गेले. घोडेगावहून दुपारची एसटी. वर चढताना तुझ्या फोनची रेंज गेली तेव्हा तू फोन बंद करून माझ्या पिशवीत टाकलास आणि महिनाभर मागितला नाहीस.

आमच्याकडे भाताची कापणी चालू होती. घरात सगळी माणसं कामाला, आणि तू झोपलेली. मला उगाच संकोच वाटायचा. मी आईला म्हणाले, "आई, ती आजारी आहे गं, आळशी नाहीये." आई म्हणाली, "मी काय बोलले का? झोपू दे तिला. भूक लागली की उठंल." आईनं तुला एकदाही विचारलं नाही काय झालंय म्हणून. तू उठायचीस, नाचणीची भाकरी खायचीस, अंगणात बसायचीस, परत झोपायचीस. माझी रजा संपली, मी पुण्याला गेले, तू तिथेच राहिलीस. मला वाटायचं, मी हिला इथं आणून चूक तर नाही केली?

मग एका शनिवारी मी त्याच दुपारच्या गाडीनं आले. गाडी वाडीच्या शेवटी वळून परत खाली जाते. जागा एवढीशी, एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला उतार. मी उतरले तर तू समोर उभी. माझ्याकडे तुझं लक्षच नाही. कंडक्टर शिट्टी वाजवत होता, ड्रायव्हर गाडी मागे घेत होता, आणि तू टाचा उंचावून चाकांकडे बघत होतीस. गाडी वळून गेली तेव्हा तू माझा हात ओढलास.

"बघितलंस? एकदाच मागे घेतो आणि एकदाच पुढे! हा नसतो तेव्हा दुसरा ड्रायव्हर असतो ना, त्याला चारदा करावं लागतं. तीच गाडी, तीच जागा. मी आठवडाभर बघतेय. हा येतानाच तिरका येतो, मंगे. वळायच्या आधीच निम्मा वळलेला असतो. बस, मी काढून दाखवते."

आणि तू काटकी घेऊन मातीत ते काढायला लागलीस. माझी पिशवी खांद्यावरच होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मातीकडे बघतच नव्हते, तुझ्या डोळ्यांकडे बघत होते. ते बारीक झाले होते.

माझा जीव भांड्यात पडला. मी हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ओशाळली असतीस, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, सांगायला हवं होतं, नुसतं तुला आवडलं असतं म्हणून.

*

पुढे तू कामाला लागायचं ठरवलंस तेव्हा मीच जास्त घाबरले होते. पुण्यातली एक छोटी कंपनी दूध डेअऱ्यांची जुनी सॉफ्टवेअरं सांभाळायची. ज्या भाषेत ती लिहिली होती ती आता कुणाला शिकायची नव्हती, आणि तुला ती कॉलेजपासून येत होती. मुलाखत व्हिडिओवर होती. मी तुझ्या शेजारी, पण कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले होते. पगाराचं, वेळेचं सगळं बोलून झालं. मालकांनी विचारलं, तुमचं काही? तू म्हणालीस, "एक अट आहे. मी वर्षाला एकच नवी गोष्ट शिकेन. ती कुठली ते मी ठरवेन."

मी कपाळाला हात लावला. मालक खो खो हसले. "अहो बाई, आम्ही तर वर्षाला शून्य शिकतो. तुम्ही एक शिकलात तर आमचा फायदाच आहे."

अशी ती अट सुरू झाली, आणि तू ती शेवटपर्यंत पाळलीस. पहिल्या वर्षी तू माहिती साठवायच्या पद्धतीचा असा काही खोल अभ्यास केलास की त्या कंपनीचे मालक तुला मॅडम म्हणायला लागले. दुसऱ्या वर्षी तू पोहायला शिकलीस. मी म्हणाले, "हे काय? पोहणं हे काय तंत्रज्ञान आहे?" तू म्हणालीस, "नवीन आहे ना? अटीत एवढंच आहे." मामांच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, सलवार-कमीज घालून, काठावर भाचरंडं फिदीफिदी हसताहेत आणि तू पाण्यात हातपाय मारतेयस. अम्मी वर उभ्या राहून ओरडत होत्या, "लग्न कर म्हटलं तर विहिरीत उडी मारली पोरीनं!"

तुझी स्कूटी घेऊन तू डेअऱ्या फिरायचीस. पिंपरी पेंढारच्या दूध संकलन केंद्रावर मी एकदा तुझ्याबरोबर आले होते. तिथले भाऊ तुझ्या मागे लागले होते. "ताई, ते नवीन टाका ना राव. रंगीत, मोबाईलवर दिसणारं. शेजारच्या केंद्रात आलंय."

"भाऊ, हे जुनं कधी चुकतं का?"

"न्हाई. चुकत तर न्हाई."

"बंद पडतं?"

"न्हाई."

"मग?"

भाऊंनी डोकं खाजवलं. "जरा बरं दिसलं असतं, एवढंच." तू हसलीस आणि पुढच्या खेपेला त्यांच्या स्क्रीनचा रंग बदलून हिरवा केलास. ते एवढ्यावर खूश झाले.

मी मात्र तुझ्या अटीशी कधी सहमत झाले नाही, हेही इथं लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील मेल्यावर मला देव केलं. मी त्याच कंपनीत राहिले. धावत राहिले. मला ते जमलं, आणि खरं सांगू, मला ते आवडतही होतं. माझ्या हाताखाली टीम आली. आपण भेटलो की हाच वाद. मी म्हणायचे, तू बाजूला बसलीस. तू म्हणायचीस, मी बसले नाही, मी माझ्या चालीनं चालतेय. मी म्हणायचे, सगळे असं म्हणाले तर जग थांबेल. तू म्हणायचीस, थांबू दे की जरा, मला त्याला दोन प्रश्न विचारायचे आहेत.

*

शेवटचं आपण भेटलो ते आणे गावाला. त्या पठारावरच्या केंद्रात तुझं काम होतं आणि मी शनिवारची सुट्टी म्हणून तुझ्यामागे स्कूटीवर बसले. काम झाल्यावर आपण रस्त्याच्या कडेला बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वारा इतका होता की कागद धरून ठेवावा लागत होता.

मी चिडलेली होते. कंपनीचा नवा हुकूम आला होता. प्रत्येकानं दर आठवड्याला एआयचा एक कोर्स पुरा करायचा, आणि कुणाचे किती झाले त्याचा फलक मजल्यावर सगळ्यांना दिसेल असा लावायचा. माझ्या टीममधली प्राजक्ता, माझी सगळ्यात चांगली मुलगी, तिनं राजीनामा लिहून आणला होता. तिला झोप लागत नव्हती. मी तिला रजेवर पाठवलं होतं आणि राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

"तुझं बरं आहे," मी म्हणाले. "तुझं असल्या एआयशी काही देणंघेणं नाही."

तू चटणीचं बोट चाटत म्हणालीस, "यंदा मी तेच घेतलंय."

"काय?"

"एआय. यंदाची गोष्ट. अगं, भन्नाट आहे ते! मी त्याला डेअरीचा जुना प्रोग्राम दाखवते आणि विचारते, हे काय करतंय सांग. निम्म्या वेळा बरोबर सांगतं. उरलेल्या वेळा इतक्या ठामपणे चुकीचं सांगतं की मी उठून उभी राहते. मग आमचं भांडण. परवा अम्मी विचारत होत्या, कुणाशी बोलतेस?" तू हात हलवून हलवून सांगत होतीस. भाकरीचा तुकडा वाऱ्यानं गेला तरी तुला कळलं नाही.

मी थक्क झाले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं तुला नव्याचा कंटाळा आलाय, किंवा भीती बसलीय. तू म्हणालीस, "नव्याचं काही नाही गं. मागे कुणीतरी काठी घेऊन पळवतंय, ते मला नको होतं. काठी नसली की मी पण पळते."

मग मला राग आला. मी म्हणाले, "तुला परवडतं. तू एकटी, तुझा मालक देवमाणूस. माझ्या टीममधल्या पोरापोरींनी अशी अट घातली तर त्यांना कोण ऐकून घेणार आहे?"

तू म्हणालीस, "तू."

एवढंच. मी म्हणाले, माझ्यावर कोण आहेत तुला माहीत नाही. तू म्हणालीस, माहीत आहे, पण त्यांच्या आधी तू आहेस. मी म्हणाले, बोलणं सोपं आहे. तू म्हणालीस, "हो, सोपं आहे, म्हणून तर बोल म्हणतेय." मग तू स्कूटीला किक मारलीस आणि म्हणालीस, "विचार कर. पुढच्या वेळी पुढचं भांडू." माझ्याकडे तुला सुनवायची तीन-चार चांगली उत्तरं तयार होती, घाट उतरेपर्यंत सुचलेली. ती तशीच आहेत.

*

तुझ्या जियारतनंतर, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर, मी कामावर गेले आणि त्याच आठवड्यात साहेबांची वेळ मागितली. आताचे साहेब नवे आहेत, तरुण आहेत. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. तुझ्या घरात अनोळखी बायकांसमोर बोलले होते, त्या मानानं हे काहीच नव्हतं.

मी म्हणाले, माझ्या मजल्यावरचा तो फलक मी काढणार आहे. आणि माझ्या टीममध्ये कुणी काय शिकायचं आणि कधी, ते ज्याचं तो ठरवेल.

"पण मग बाकीच्या टीम पुढे जातील," ते म्हणाले.

"जाऊ देत. आमचं काम वेळेत होतंय?"

"होतंय."

"गिऱ्हाइकाची तक्रार?"

"नाही. पण वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. शेवटी म्हणाले, सहा महिने बघू. तेवढं मला पुरे होतं.

तुझी अट मी जशीच्या तशी घेतलेली नाही, हे तुला आवडणार नाही. वर्षाला एकच, हा तुझा हिशेब होता. माझ्या टीममध्ये रोहन म्हणून एक मुलगा आहे, त्याला दर पंधरवड्याला नवं काहीतरी लागतं, आणि तो जेवताना भाजी कुठली आहे ते सांगू शकतो. त्याला मी कशाला अडवू? आणि एकानं, सगळं ऐकूनही, नोकरी सोडलीच. त्याला हे क्षेत्रच नको होतं. त्याला मी मनापासून जा म्हणाले. तर वाद पूर्ण तू जिंकलेला नाहीस. पण बराचसा जिंकलास, आणि तो मी तुला समोरासमोर दिला असता. कटकट करून, पण दिला असता.

तू मला काय दिलंस हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. तुझ्यामुळे मला कळलं की माणूस पार बंद पडतो आणि तरी परत चालू होतो, आणि पहिल्यापेक्षा बरा चालतो. हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी ते माझ्या वाडीच्या मातीत, काटकीनं काढलेलं पाहिलंय. त्यामुळे प्राजक्ता समोर बसून "मॅडम, माझं संपलं" म्हणाली तेव्हा मी घाबरले नाही. तिला समजावतही बसले नाही. म्हणाले, जा, झोप, आणि फोन घरच्यांकडे देऊन टाक.

ती परवा परत आली. जरा भरलेली दिसत होती. दिवसभर तिनं तिचं नेहमीचं काम केलं. संध्याकाळी लोक निघायला लागले तेव्हा ती लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, हे बघा ना. मी या एआयला एकच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी उत्तरं देतंय. असं का करत असेल?"

कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

माझ्या पदाच्या बाईनं अशा वेळी काहीतरी उत्तर द्यायचं असतं. मी खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "मला माहीत नाही गं. बस, बघू या."

आम्ही बसलो, नसरीन. तिनं एक करून बघितलं, मी एक. तिनं मला चूक म्हटलं, मी तिला. बाहेर अंधार पडायला लागला तेव्हा झाडूवाल्या मावशी येऊन म्हणाल्या, आता उठा दोघी. आम्हाला काही उलगडलं नाही, आणि आम्ही हसत हसत खाली उतरलो.